उंची कमी म्हणून मागे सरकू नका : मिरेया लुईसचा खेळ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थिनींनी आठवणी लिहायच्या असतात. मला मिळालेली जागा मी शाळेच्या आजच्या व्हॉलीबॉल संघासाठी वापरते. निवडीच्या वेळी उंची मोजायला घेतली की कितीतरी मुली आपणहून मागे सरकतात. त्यांनी क्यूबाच्या मिरेया लुईसचा खेळ नीट समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

मिरेयाचा जन्म १९६७ चा, कामागुए शहरातला. उंची १७५ सेंमी, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्मॅशरच्या, उडी घेऊन जोरात चेंडू मारणारीच्या, मानाने कमीच. तिच्याच संघातली रेग्ला तोरेस १९० सेंमीच्या वर होती. पण उडी घेतल्यावर मिरेयाचा हात ३३५ सेंमीच्याही वर पोचायचा. महिलांची जाळी २२४ सेंमीवर असते आणि बास्केटबॉलची रिंग ३०५ वर. रिंगच्याही फूटभर वर हात नेऊन ती चेंडू मारत असे, त्यामुळे समोरचा ब्लॉक, म्हणजे चेंडू अडवायला वर आलेले हात, पुष्कळदा खालीच राहायचा.

अशा उडीत पायांच्या ताकदीइतकाच धावेचा वाटा असतो. उजव्या हाताने मारणारीची चार पावलांची धाव उजवा, डावा, उजवा, डावा अशी पडते. पहिली दोन पावलं सावकाश, शेवटची दोन झपाट्याने. तिसरं पाऊल सगळ्यात लांब, आणि ते टाचेवर पडलं पाहिजे, तरच पुढचा वेग वर वळतो. त्याच वेळी दोन्ही हात मागे, जवळजवळ खांद्याच्या पातळीपर्यंत गेलेले हवेत. चौथं पाऊल किंचित पुढे आणि थोडं आत वळलेलं. हात झपकन वर आले की शरीर त्यांच्याबरोबर उचललं जातं. नवशिक्या मुली हात मागे नेतच नाहीत आणि तिथेच उडीचे बरेच सेंमी गमावतात.

दुसरी चूक घाईची. उंच लिफ्टवर, म्हणजे सेटर स्मॅशसाठी चेंडू उंच उचलून देते तेव्हा, चेंडू तिच्या हातातून सुटायच्या आधीच मुलगी धावत सुटते, चेंडूच्या खाली जाते आणि चेंडू डोक्यामागे राहतो. मग स्मॅश बाहेर तरी जातो, नाहीतर तोल सांभाळताना जाळीला हात लागतो. चेंडू सुटू द्या, तो कुठे चाललाय ते बघा, मग निघा. उडीची जागा जाळीपासून साधारण एक मीटरवर असावी आणि चेंडू मारत्या खांद्याच्या पुढे.

उतरण्याबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. चेंडू मागे राहिला की वाकून मारावं लागतं आणि मग मुलगी एकट्या डाव्या पायावर उतरते. गुडघे दुखावण्याचं हे एक मोठं कारण आहे. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरा आणि उतरताना ते आतल्या बाजूला वळताहेत का, हे मैत्रिणीला समोरून बघायला सांगा. वाटीच्या खाली दुखायला लागलं तर त्या दिवशी उड्या बंद. सिमेंटच्या मैदानावर तर हे जास्तच पाळा.

मिरेयाच्या कारकिर्दीतली पहिली काही वर्षं ऑलिंपिकविनाच गेली. १९८४ आणि १९८८ या दोन्ही स्पर्धांवर क्यूबाने बहिष्कार टाकला होता. १९८६ च्या जागतिक स्पर्धेत, बाळंतपणाला काही दिवसच झालेले असताना, ती खेळली आणि संघाला रौप्य मिळालं. त्या जिद्दीबद्दल मला अतोनात आदर आहे, पण कोणा मुलीने हे अनुकरणासाठी घेऊ नये. पुढे १९९२ बार्सिलोना, १९९६ अटलांटा, २००० सिडनी अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं आणि १९९४ व १९९८ ची जागतिक विजेतेपदं आली. अटलांटात साखळीत ब्राझीलकडून हरल्यावर उपांत्य फेरीत त्याच ब्राझीलला त्यांनी पाच सेटमध्ये हरवलं. सिडनीच्या अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध पहिले दोन सेट गेले होते. उरलेले तिन्ही घेतले.

यामागे प्रशिक्षक युहेनिओ जॉर्ज यांची रचना होती. दोन सेटर एकमेकींच्या समोरासमोरच्या जागी, म्हणजे एक पुढच्या रांगेत असेल तेव्हा दुसरी मागच्या. मागच्या रांगेतली पुढे येऊन लिफ्ट करी आणि पुढच्या रांगेत गेलेली सेटर स्वतः स्मॅश मारी. म्हणजे जाळीजवळ मारणाऱ्या कायम तिघी. शालेय संघांना ही रचना मला फार सोयीची वाटते, कारण सगळा भार एकाच सेटरवर पडत नाही. अडचण येते ती फिरतीत, म्हणजे खेळाडू क्रमाने जागा बदलतात तेव्हा. समोरच्या संघाच्या सर्व्हिसच्या क्षणी प्रत्येकीने आपल्या जागी असावं लागतं. मागची सेटर आधीच पुढे सरकली तर गुण गेला.

आता निवडीबद्दल क्रीडाशिक्षकांना एक विनंती. बोटांना खडू लावून मुलीला भिंतीशी उभी करा आणि हात पोचेल तिथे खूण करून घ्या. मग उडी मारून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर वहीत उंचीच्या शेजारी लिहा, महिन्याने पुन्हा मोजा आणि संघ ठरवताना दोन्ही आकडे समोर ठेवा.