अपडेटची कटकट

आज सगळ्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर अनअटेंडेड-अपग्रेड्स, म्हणजे अपडेट आपोआप बसवणारं टूल, नीट लावून टाकलं. आतापर्यंत प्रत्येक मशीनवर लॉगिन करा, यादी काढा, त्यातून सिक्युरिटी पॅच (सुरक्षेतली भोकं बुजवणारे अपडेट) वेगळे शोधा, असा कारभार होता. आता ते पॅच रोज आपोआप येतात आणि बसतात. बाकीचे मी सवडीने बघते.

खरी मेख आहे रीस्टार्टमध्ये. ओपनएसएसएलची (एन्क्रिप्शन सांभाळणारी) नवी लायब्ररी डिस्कवर आली म्हणजे काम झालं असं नाही. आधीपासून चालू असलेला वेब सर्व्हर मेमरीतली जुनीच वापरत राहतो, म्हणजे भोक तसंच उघडं. कुठली सर्व्हिस जुनं धरून बसलीय ते नीडरीस्टार्ट नावाचं टूल सांगतं. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभाच बदलला तर मात्र अख्खं मशीनच रीबूट करावं लागतं. तशी गरज असली की सिस्टिम रीबूट-रिक्वायर्ड नावाची एक फाइल तयार करून ठेवते. रोज सकाळी माझी चार ओळींची स्क्रिप्ट ती फाइल शोधते आणि मशीनची नावं मेल करते. रीबूट मुद्दामच आपोआप ठेवलेला नाही. डेटाबेसने मध्यरात्री स्वतःहून डुलकी काढली तर झोप कोणाची उडणार, सांगायला नको!

विंडोजवाल्यांचं एक बरं, त्यांच्या पॅचसाठी २००३ पासून महिन्याचा दुसरा मंगळवार ठरलेला.

उरली ती सेंटओएस ७ ची (हेही लिनक्सच) जुनी मशीनं. ३० जून २०२४ ला त्यांचा सपोर्टच संपला, त्यामुळे तिथे अपडेट शोधण्यात अर्थ नाही. ती सरळ नव्या सिस्टिमवर हलवायची. पुढच्या आठवड्यात तेच काम.