गॅस भरून गाडी गार होत नाही

बाबांची १९७८ सालची गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचा एसी चालू होता. म्हणजे बटण दाबलं की कॉम्प्रेसरचा (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचा) क्लच टक् करून बसायचा, पंखा घोंगावायचा आणि जाळीतून हवा यायची. पण ती गार नसायची. बाहेर ३६ अंश असताना मधल्या जाळीत खोचलेला थर्मामीटर १९ दाखवायचा, आणि सिग्नलला चार मिनिटं उभं राहिलं की २४. आई शेजारी बसली की दहाव्या मिनिटाला विचारायची, "काच खाली करू का रे?"

दोन उन्हाळे मी एकच उपाय करत राहिलो, गॅस भरायचा. प्रत्येक ठिकाणी पाइपला हात लावून तेच ऐकलं, "गॅस कमी झालाय." पहिल्यांदा भरला तेव्हा थोडा फरक पडला. तिसऱ्यांदा भरला तेव्हा हवा आधीपेक्षा जास्त कोमट यायला लागली. गॅस वाढवला आणि गारवा घटला, असं कसं? हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी गॅसचा दाब मोजायच्या गेजचा संच आणला आणि स्वतःच बघायला लागलो.

एसी गारवा तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, हे नीट समजलं आणि पुढचा सगळा गुंता सुटत गेला. आत कूलिंग कॉईल उष्णता उचलते, पुढे रेडिएटरसमोरचा कंडेन्सर ती बाहेर सोडतो. गॅस प्रमाणाबाहेर गेला की कंडेन्सरच्या तळाशी द्रव साचून राहतो. उष्णता सोडायला जागा उरत नाही आणि दाब चढत जातो. माझ्या गाडीत, गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, हाय साइड (कॉम्प्रेसरच्या पुढची जास्त दाबाची बाजू) ३०० पीएसआय दाबाच्या वर गेलेली दिसली. एवढ्या दाबाला आतला गॅस सत्तर अंशांच्या पुढे असतो. तो गारवा काय देणार!

यात जुन्या गाडीची एक खास अडचण असते. त्या काळच्या गाड्या आर-१२ गॅससाठी बनलेल्या. ओझोनच्या थराला त्याने इजा होते म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो मागे पडला आणि आर-१३४ए आला. माझ्या गाडीत आधी कुणीतरी फक्त गॅस बदलला होता, बाकी सगळं जुनंच. आर-१३४ए ला त्याच उन्हात जास्त दाब लागतो, म्हणजे कंडेन्सर जास्त दमदार हवा. कॉम्प्रेसरच्या वंगणाचं जुनं मिनरल तेल त्याच्यात मिसळत नाही, त्यामुळे ते फिरून कॉम्प्रेसरकडे परत येत नाही. साध्या रबरी पाइपांतून तो हळूहळू झिरपतोही.

खोलाखोली करण्याआधी दोन चाचण्या केल्या, आणि ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्याने या दोन जरूर कराव्यात. दोन्हींना पैसे लागत नाहीत. पहिली: इंजिन उभ्या जागी चालू ठेवून कंडेन्सरवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा. माझ्याकडे दोन मिनिटांत हाय साइडचा काटा खाली आला आणि जाळीतली हवा पाच अंशांनी उतरली. याचा अर्थ कॉम्प्रेसर ठीक होता, कंडेन्सर आणि त्यावरचा वारा कमी पडत होता.

दुसऱ्या चाचणीने तर मला हलवूनच सोडलं. हीटरची दांडी 'थंड'वर होती, तरी बॉनेटखाली हीटरकडे जाणाऱ्या पाइपला बोट टेकवलं आणि चटका बसला. व्हॉल्व्ह आतून गळत होता. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉईल हवा गार करत होती आणि लगेच पुढच्या पेटीत इंजिनाचं उकळतं पाणी तीच हवा तापवत होतं. पाइपला कापड गुंडाळून क्लॅम्पने चिमटा काढला आणि आत जाऊन बसलो. १९, १८, १६. सहाव्या मिनिटाला १४. ना गॅस, ना नवा पार्ट, नुसता एक चिमटा! दोन उन्हाळ्यांत एकानेही त्या पाइपला हात लावला नव्हता याचं मला आजही वाईट वाटतं.

मग एका मुरलेल्या एसीवाल्या काकांना गाठलं. त्यांनी आधी गॅस मशीनने काढून सिलिंडरमध्ये घेतला, हवेत सोडला नाही. तिथेच विश्वास बसला. कूलिंग कॉईलची पेटी उघडली तर कॉईलच्या पंखांवर, म्हणजे तिच्या पातळ पत्र्यांवर, धुळीचा जाड थर, पाणी बाहेर जायची नळी तुंबलेली, आणि कडेच्या फोमचा पार भुगा झालेला. निम्मी हवा कॉईलला न शिवताच पुढे निघून जात होती. पेटी धुऊन कडांना नवा फोम लावायला मला एक अख्खी दुपार लागली, पण या कामाचा मोबदला पुढे प्रत्येक किलोमीटरला मिळतो.

बाकी काम ठरल्याप्रमाणे झालं. नळ्यांचा जुना कंडेन्सर काढून त्याच मापात बसेल तेवढा मोठा पॅरलल फ्लो (अनेक समांतर चपट्या नळ्यांचा) कंडेन्सर, गॅस झिरपू न देणारे बॅरियर पाइप, जोडांसाठी हिरव्या ओ-रिंगा (रबरी कड्या), आर-१३४ए ला चालणारा, ओलावा शोषणारा ड्रायर, नवा हीटर व्हॉल्व्ह, आणि कॉईल व कॉम्प्रेसर साफ करून या गॅसमध्ये मिसळणारं एस्टर तेल. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटी काकांनी फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या. "वाऱ्याला चोरवाट ठेवायची नाही," म्हणाले. फट राहिली की इंजिनाकडची तापलेली हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते आणि कंडेन्सर तीच ओढत बसतो.

नायट्रोजन भरून प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं. एका जोडावर अगदी मोहरीएवढे बुडबुडे आले. तो पुन्हा कसला. मग तासभर व्हॅक्युम. २९ इंचांच्या व्हॅक्युमला आत उरलेलं पाणी २५ अंशांच्या आसपासच उकळून वाफ होऊन निघून जातं, म्हणून इथे घाई करायची नाही. पंप बंद करून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी काटा जागेवरून हलला नव्हता.

गॅस वजनावर भरला. गाडीच्या पट्टीवर आर-१२ चं माप १ किलो होतं. आर-१३४ए साधारण त्याच्या ८० ते ८५ टक्के लागतो, म्हणून ७५० ग्रॅमला थांबलो आणि पुढे तीस-तीस ग्रॅम घालत, दर वेळी पाच मिनिटं वाट पाहत गेलो. ड्रायरवरच्या काचेतले बुडबुडे जाईपर्यंत भरायची जुनी सवय इथे घात करते. या गॅसमध्ये काच स्वच्छ दिसेपर्यंत माप बहुधा ओलांडलेलं असतं. ८१० ग्रॅमला जाळीतली हवा ८ अंशांवर आली. ८४० ला हवा आठवरच राहिली, फक्त हाय साइड चढली. काकांनी ते वरचे तीस ग्रॅम परत काढले.

शेवटी थर्मोस्टॅट, म्हणजे कॉईल पुरेशी गार झाली की क्लच सोडवणारा भाग. त्याची बारीक नळी कॉईलच्या पंखांत नीट खोचलेलीच नव्हती, त्यामुळे क्लच उशिरा सुटायचा आणि कॉईलवर बर्फ धरून वारा अडायचा. ती खोलवर बसवली, कॉईलवर बर्फ धरणार नाही अशा बेताने स्क्रू फिरवला, आणि रस्त्यावर चालत्या गाडीत ६ अंश मिळाले. बाहेर ३५ होते. आईने समोरची जाळी हाताने वर वळवली आणि बोलत राहिली. काचेचा विषयच निघाला नाही.

लांब सिग्नलला अजून ११ पर्यंत चढतं. इंजिनाच्या पंख्याचा क्लच थकलाय, उभ्या जागी वारा पुरत नाही. तो बदलायचा आणि कंडेन्सरसमोर एक विजेचा पंखा लावायचा, हे पुढच्या महिन्याचं काम. फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्याच्या) वायरींच्या भोकांतून अजून गरम हवा आत येते, तीही त्याच वेळी बुजवणार आहे.