घरगुती पीएम २.५ मापक, टप्पा दुसरा: पावसाळ्यात फुगणारे आकडे

पीएम २.५ म्हणजे हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण. जोडणी पहिल्या टप्प्यातलीच: पीएमएस५००३ (धुळीचा सेन्सर), बीएमई२८० (आर्द्रतेचा सेन्सर), ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड). धुळीच्या सेन्सरच्या पंख्याला ५ व्होल्ट लागतात, पण सिग्नल ३.३ व्होल्टचा, म्हणून ईएसपी३२ला थेट जोडता येतो. वायफाय सुरू होताना बोर्ड रीसेट होत असेल तर ५ व्होल्टच्या वाटेवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका आणि बारीक यूएसबी वायर बदला. सेन्सर पाठवतो ती प्रत्येक फ्रेम (आकड्यांचा एक गठ्ठा) ३२ बाइटची. पहिल्या ३० बाइटची बेरीज शेवटच्या दोन बाइटशी जुळली नाही तर ती फ्रेम सरळ टाकून द्या. सेन्सर झोपेतून उठल्यावर पहिली ३० सेकंदं धरू नका.

आता खरा प्रश्न. हा सेन्सर धूळ तोलत नाही, कणांवरून विखुरलेला लेझरचा प्रकाश मोजतो. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, जास्त प्रकाश विखुरतात, आणि पावसानं धुतलेल्या हवेतही आकडा चढतो. सरकारी केंद्रांवरची बीटा किरणांची यंत्रं हवा आत घेतानाच तापवून कोरडी करतात. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून दुरुस्ती गणितानं करायची.

आर्द्रता अपूर्णांकात घ्या (८०% म्हणजे ०.८०) आणि कच्चा आकडा या भाजकानं भागा:

१ + ०.१८ ÷ (१ ÷ आर्द्रता − १)

५०% ला भाजक १.१८ येतो, ८०% ला १.७२, ९०% ला २.६२. ०.१८ हा आकडा कणांच्या रसायनावर ठरतो. समुद्राकाठच्या खारट हवेत तो वाढवावा लागेल.

९५% च्या वर मात्र हे गणित कोसळतं. बीएमई२८० मध्ये ±३% चूक गृहीतच असते. तो ९५ दाखवतो तेव्हा खरी आर्द्रता ९२ असेल तर भाजक ३.१, ९८ असेल तर ९.८! अशा नोंदींवर दुरुस्ती लावू नका. त्यांवर खूण करा आणि सरासरीतून वगळा. कच्चा आकडा व आर्द्रता मात्र कायम जपून ठेवा, सूत्र पुढे बदलेलच.

बीएमई२८० ईएसपी३२ला चिकटून बसवला तर बोर्डाच्या उष्णतेनं आर्द्रता कमी दिसते आणि दुरुस्ती अपुरी पडते. तो डबीच्या तळाशी, हवेच्या तोंडाजवळ हवा. तोंड खाली, त्यावर मच्छरदाणीची जाळी. कापड नको, हवा अडते. सेन्सरमधून बाहेर पडणारी हवा परत आत ओढली जाऊ नये म्हणून मध्ये फोमचा पडदा द्या.

पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) चा रकाना आम्ही आलेखातून काढलाय. रस्त्याची जाड धूळ या सेन्सरला नीट दिसतच नाही, आणि चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा न दाखवणं बरं.

पुढे जवळच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्राशी तासाच्या सरासऱ्या ताडायच्या आहेत. आपली नोंद यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर आधी साडेपाच तास मिळवा, नाहीतर सकाळच्या वाहतुकीचा उंचवटा मध्यरात्रीनंतर दिसेल.