दगड एकच होता

बांद्याहून जुन्या गोव्याला पायी जायचे ठरवले तेव्हा माझ्या मनात भक्तीपेक्षा हिशेब अधिक होता, हे आधीच कबूल करतो. ३ डिसेंबरला गोंयच्या सायबाचे, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त असते. २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना चालते आणि त्या दिवसांत सिंधुदुर्गातून, बेळगाव-खानापूरकडून, कारवारकडून माणसे चालत निघतात. आमच्या घरी या चालण्याला वारीच म्हणतात. माझे वडील अनेकदा गेले होते. मी मात्र पन्नाशी उलटेपर्यंत कधी गेलो नाही, कारण नवस, मेणबत्त्या, बऱ्या झालेल्या अवयवासाठी वाहायचे मेणाचे हातपाय हा सगळा प्रकार मला भाबडेपणाचा वाटत असे. मी गणिताचा मास्तर. देवाशी माझा संबंध पवित्र शास्त्राच्या वाचनातून होता आणि तेवढा मला पुरेसा वाटत होता.

गेल्या डिसेंबरात गेलो, ते एका घटनेमुळे. दोन वर्षांपूर्वी घाटावरच्या एका गावात मी शिकवणी चालवत होतो. रविवारी संध्याकाळी माझ्या खोलीवर चार-पाच कुटुंबे प्रार्थनेला जमत. एका रविवारी पंधरा-वीस माणसे दारात आली, धर्मांतराचा आरोप झाला, शिवीगाळ झाली, खिडकीवर दगड आला. महिनाभरात शिकवणीतल्या तेवीस मुलांपैकी आठ उरली. घरमालकाने, अगदी सौम्य शब्दांत, खोली रिकामी करायला सांगितली आणि मी बांद्याला थोरल्या भावाकडे परत आलो. त्या दिवसापासून मी छळ सोसलेला ख्रिस्ती झालो होतो, आणि सायबाने आता माझ्या पदरात काहीतरी टाकावे, निदान या सगळ्याचा अर्थ तरी सांगावा, अशी माझी अपेक्षा होती.

आम्ही तीसेक जण होतो, सामानासाठी एक टेम्पो होता. १ डिसेंबरला पहाटे निघालो आणि दिवस वर यायच्या आत पत्रादेवीला पोहोचलो. तेवढ्या वाटेत आमच्यातल्या एका तरुणाने विचारले, "सर, त्या रात्रीचं सांगा ना." मी सांगितले. ही हकिकत मी तोवर इतक्यांदा सांगितली होती की कुठे थांबायचे, कुठे आवाज खाली आणायचा, हे जिभेला पाठ झाले होते. सांगता सांगता दगडांची संख्याही वाढत गेली होती. पहिल्यांदा सांगितले तेव्हा दगड एक होता, मग 'दगड आले' असे अनेकवचन झाले आणि त्या सकाळी तर दगडांचा पाऊस पडला. शेवटी मी नेहमीप्रमाणे दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या हुतात्म्यांची आठवण जोडली. १५८३ च्या जुलैत तेथे रुदोल्फो अक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय (जेझुइट) सोबती मारले गेले. त्यांच्या रांगेत मी स्वतःला अर्थातच बसवत नव्हतो, पण ऐकणाऱ्याने बसवले तर मी नको म्हणत नव्हतो.

आमच्यात मडगावला नोकरी केलेले एक वयस्क गृहस्थ होते. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, कुंकळ्ळीत दुसरंही एक स्मारक आहे, ते पाहिलंत का?" पाहिले नव्हते. मग त्यांनी सांगितले की त्या हत्येनंतर कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले आणि तेथे पोर्तुगिजांनी त्यांना दग्याने ठार केले. देवळे पाडली गेल्याचा त्यांचा राग आणि त्यांचे मरण ज्या स्मारकाने जपले आहे, ते हे दुसरे. "दोन्हीकडे फुलं वाहावीत," एवढेच बोलून ते पाणी प्यायला टेम्पोकडे गेले.

पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक आमच्या समोरच होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर ठिकठिकाणी शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ज्या सत्तेने त्या झाडल्या तिच्या नौकांच्या शिडांवर एके काळी क्रूस रंगवलेला असे. हा इतिहास मला शाळेपासून माहीत होता, पण सायबाच्या वाटेवर गोव्यातले पहिले पाऊल ठेवताना प्रथम हेच स्मारक लागते, याचा विचार मी कधी केला नव्हता. कोणी सुचवले नाही, तरी सगळ्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि 'आमच्या बापा' ही प्रार्थना एकदा म्हटली.

पुढचा रस्ता काही फारसा सांगण्यासारखा नाही. महामार्ग, धूळ, ट्रकांचे भोंगे. तोरसे, मालपे, धारगळ. दुपारी माझ्या डाव्या तळव्याला फोड आला आणि मी मागे पडलो. मागे पडणाऱ्यांत एक मावशी होत्या, पेडणे तालुक्यातल्या, हिंदू, कपाळावर ठसठशीत कुंकू, पायात काही नाही. कोलवाळच्या पुलावर शापोरा नदी ओलांडताना त्यांनी सांगितले की मुलाचा मोटारसायकलवर अपघात झाला होता, पाय जाईल असे डॉक्टर म्हणाले होते, तेव्हा त्यांनी सायबाला बोलून घेतले होते. पाय राहिला. आता हे त्यांचे सहावे वर्ष होते. मग त्यांनी सहज विचारले, "तुमचो नवस कसलो, मास्तरानू?"

माझा नवस नाही, असे म्हणताना एक दुसरी बाई माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. शिकवणीतल्या एका मुलाची आई. दहावीच्या परीक्षेआधी तिने ग्रामदेवतेला नारळ बोलला होता आणि प्रसाद घेऊन माझ्याकडे आली होती. मी तो घेतला नाही. एवढेच असते तरी ठीक होते, कारण न घेण्याचा मला अधिकार होता. पण मी भरल्या वर्गासमोर म्हणालो होतो की दगडाला नारळ फोडून गणित येत असते तर मास्तराची गरजच उरली नसती. मुले हसली. तिचा मुलगा हसला नाही. त्या रविवारी दारात आलेल्या गर्दीत तो होता. ही गोष्ट मी दोन वर्षांत एकालाही सांगितली नव्हती आणि माझ्या हकिकतीत तिला जागा नव्हती, कारण तिच्यामुळे सगळे गणितच बिघडत होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर गैरसमज होईल. माझ्या त्या बोलण्याने दगडाचे समर्थन होत नाही. खोटा आरोप खोटाच होता, मी कोणाचेही धर्मांतर केले नव्हते, आणि आज या देशात प्रार्थनेला जमलेल्या माणसांना ज्या भीतीत बसावे लागते ती भीती खरी आहे. परंतु रात्री म्हापशात मुक्कामाला पडल्यावर, पायांना खोबरेल चोळत असताना, दोन वचने मनातून हलेनात. डोंगरावरील प्रवचनात, माझ्यामुळे लोक तुमची निंदा व छळ करतील तेव्हा तुम्ही धन्य, असे प्रभू म्हणतो खरा, पण त्या वाक्यात 'लबाडीने' असा एक शब्द आहे. लोक तुमच्याविरुद्ध लबाडीने बोलतील तेव्हा. माझ्याविरुद्ध खरे बोलले गेले असते तर? आणि पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, खुनी किंवा चोर म्हणून कोणी दुःख भोगू नये असे सांगताना, दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्यालाही पेत्र त्याच यादीत बसवतो. हे वाक्य मी आयुष्यभर वाचत आलो होतो आणि त्यात आपले काही आहे असे मला कधी वाटले नव्हते.

दुसरा दिवस मंगळवार होता, म्हणून चालताना रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, दुःखाची रहस्ये होती, प्रभूच्या दुःखाचे पाच प्रसंग. गेथशेमाने बागेतली वेदना, चाबकाचे फटके, काट्यांचा मुगुट, क्रूस वाहणे, मरण. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे रस्ता उखडलेला होता, धुळीत एकमेकांचा आवाज ऐकू येत नव्हता, पण ओठ हलताना दिसत होते. त्या गोंगाटात माझ्या लक्षात आले की या पाचही प्रसंगांची हकिकत प्रभूने स्वतः सांगितलेली नाही. ती इतरांनी लिहिली. पुनरुत्थानानंतर तो शिष्यांपुढे आला तेव्हा त्याने हात आणि कूस दाखवली, पण खिळे कोणी ठोकले ते सांगितले नाही. तेथून त्याने 'तुम्हांला शांती असो' एवढ्यावरच पुढचे बोलणे सुरू केले. मांडवीच्या पुलापर्यंत मी गप्प होतो.

पणजीत संध्याकाळी भाताची पेज आणि लोणचे मिळाले. मग रात्री रायबंदरच्या बांधावरून निघालो. हा सुमारे तीन किलोमीटरचा बांध सतराव्या शतकातला, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरे. येथे आता आमचा तीस जणांचा जथा उरला नव्हता, सगळीकडून आलेली माणसे एकमेकांत मिसळली होती. कोणी कोंकणीत तेर्स, म्हणजे रोझरी, म्हणत होते, कोणी कन्नडमध्ये गात होते, काही जण नुसतेच चालत होते. त्या तरुणाला मी संत जुझे वाझ यांच्याविषयी सांगू लागलो, कारण त्यांची वाटही पायांचीच होती.

वाझ १६५१ मध्ये बाणावलीत जन्मले, घर सांकवाळचे. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, डचांनी कॅथलिकांवर बंदी घातली होती. तेथील लोकांना धर्मगुरू उरला नाही हे कळल्यावर ते १६८७ मध्ये मजुराच्या वेषात, अनवाणी, तिकडे गेले. म्हणजे छळ करणारेही ख्रिस्तीच होते. पुढे कँडीत राजाने पोर्तुगिजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकले. तेथे ते सिंहली शिकले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, राजा आणि मोठी माणसे शहर सोडून गेली, आजाऱ्यांना घरातल्यांनी रानात नेऊन टाकले. वाझ मागे राहिले. कोणता कोणाचा धर्म हे न विचारता त्यांनी रोग्यांना धुतले, भरवले, मेलेल्यांना पुरले. ज्या नगरात त्यांना बेड्या पडल्या होत्या, त्याच नगरात. १७११ मध्ये ते तेथेच वारले आणि २०१५ मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. कैदेचा अर्थ काय, असे वाझ यांनी कोणाला विचारले असेल का, हे मला माहीत नाही. माझा अंदाज असा की साथ आली तेव्हा त्यांच्यापाशी विचारायला वेळ नव्हता.

"पण आपला सायब तर मोठा ना?" तरुणाने विचारले. सायब माझाही आहे, म्हणूनच त्याला पुढचेही सांगितले. १५४६ मध्ये झेवियर यांनीच पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेपासून ढळल्याच्या आरोपावरून खटले चालवणारे चर्चचे न्यायासन, हवे अशी मागणी केली होती. १५५२ मध्ये चीनच्या दारात, शांगच्वान बेटावर, तापाने ते वारले. इन्क्विझिशन १५६० मध्ये आले, मध्ये काही वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत टिकले, आणि त्यात भरडले गेलेल्यांत नव्याने ख्रिस्ती झालेलेच पुष्कळ होते. ज्या जुन्या गोव्याकडे आम्ही चाललो होतो तेथेच ते न्यायासन होते. त्याच्या वाड्याचे आज काही शिल्लक नाही. ज्याने कोळ्यांच्या वस्त्यांत उन्हातान्हात पाय झिजवले त्याच माणसाने हे पत्र लिहिले, आणि मी त्याच्याच दर्शनाला निघालो होतो. ही गाठ मला सोडवता आली नाही. सुटली असे सांगणारे फादर मला भेटले आहेत, पण त्यांचे म्हणणे पटले नाही.

रायबंदरचे शेवटचे घर मागे पडल्यावर तरुण म्हणाला की त्यांच्या युवक मंडळासाठी त्याला माझी साक्ष मोबाईलवर टिपून घ्यायची आहे, दगडांच्या पावसाची. मी थांबलो. रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसलो, कारण पायही थांबा म्हणत होता. मग सांगितले की दगड एकच होता. काचेला तडा गेला, कोणाला लागले नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी मागच्या दाराने दुधाची पिशवी दिली होती, तीही हकिकतीतून मी गाळत आलो होतो. आणि मग त्या नारळाचे सांगितले, वर्गासमोर काय बोललो ते अक्षरशः, आणि कोण हसले नाही तेही. त्याने मोबाईल केव्हाच खाली घेतला होता. "सर, हे मंडळात कसं लावू?" असे तो म्हणाला. मलाही उत्तर सुचले नाही.

सायबाचे शरीर जेथे ठेवले आहे त्या बॉम जेझू चर्चच्या प्रांगणात पोहोचलो तेव्हा पहाटेची मिस्सा सुरू होती. १६०५ मध्ये अभिषेक झालेली ती तांबड्या जांभ्या दगडाची इमारत दिव्यांत न्हाली होती आणि बाहेर खाजे, चणे, मेणबत्त्यांची दुकाने लागली होती. दर्शनाची रांग लांब होती. मावशी माझ्या पुढे होत्या. त्यांनी एका दुकानातून मेणाचा पाय घेतला होता, गुडघ्यापासून खाली, लहान मुलाच्या पायाएवढा. रांग वळली तेथे त्यांना पदर सावरायचा होता, हातात पिशवी होती, खाज्याची पुडी होती. त्यांनी मागे वळून न विचारताच तो पाय माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "धरात मरे इल्लो." मेण गार होते आणि वाटले होते त्यापेक्षा जड होते. त्यांचा पदर नीट झाला, तरी त्यांनी तो लगेच परत मागितला नाही, आणि रांग पुढे सरकली तसा तो दोन्ही हातांत धरून मीही सरकलो.