कागद महाग, म्हणून हात घाबरा

मंगळवार. पावसाची झड.

जलरंगात धीर येतो कुठून, हे आज नीट लिहून ठेवायचं. खोडता येत नाही म्हणून भीती, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. ब्रशमध्ये पाणी किती आहे आणि कागद पुढच्या मिनिटाला काय करील, याचा अंदाज नसतो, म्हणून हात कापतो. 'मला जमेल' असं घोकून तो अंदाज येत नाही.

पहिला अडसर कागदाचा. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) सुती ताव जपून ठेवायचा आणि सराव पातळ कागदावर, हे उलटं आहे. पातळ कागद पाणी पडताच फुगतो, खळग्यांत रंग साचतो, आणि माणूस दोष देतो स्वतःच्या हाताला. त्यापेक्षा २२ बाय ३० इंची चांगल्या तावाचे १६ तुकडे करावेत. साडेपाच बाय साडेसात इंचांचा तुकडा बिघडला तर जीव जळत नाही.

त्यावर चित्र नको, नुसता सपाट वॉश, म्हणजे एकाच रंगाचा सलग पाणीदार थर. रंग लागेल त्याच्या दुप्पट कालवायचा. मध्येच वाटी रिकामी झाली की नवा रंग कालवेपर्यंत कड सुकते आणि रेघ उमटते. सुकल्यावर रंग फिका पडतो, तेव्हा थोडा गडदच बरा. बोर्ड वरच्या बाजूने दोन बोटं उचललेला, १२ नंबरचा गोल ब्रश, एका दमात आडवा फटकारा. खालच्या कडेला ओला रंग जमतो; पुढचा फटकारा त्याला जेमतेम शिवून जावा. तळाशी उरलेलं पाणी पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यायचं, नाहीतर ते उलटं वर चढतं.

मग हात मागे. हेच अवघड. चकाकी गेली पण कागद दमट आहे, अशा वेळी पाणीदार ब्रश लावला की रंग ढकलला जाऊन फुलकोबीसारखे डाग उठतात. बहुतेक चित्रं दुरुस्तीतच मरतात. मिनिटं पाठ करून उपयोग नाही: आजच्या हवेत कागद कितीतरी वेळ दमट राहील, नागपूरच्या मे महिन्यात बघता बघता सुकेल. बोटाची मागची बाजू टेकवावी. गार लागलं तर थांबायचं.

तुकड्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख, हवा आणि बिघाड लिहावा. 'वाईट' असं नाही. 'कड सुकली', 'पाणी जास्त' असं. 'वाईट'वर उद्या करण्यासारखं काही नसतं.

सावळाराम हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं 'ग्लो ऑफ होप' हे दिव्याच्या उजेडातल्या स्त्रीचं चित्र जलरंगातलं आहे. अशी चित्रं सराव आटोपल्यावर पाहावीत. आधी पाहिली तर ब्रश उचलवत नाही.

आणि बाहेर रंगवायला बसायचं तर पाठ भिंतीला लावून. मागून डोकावणारे नसले की निम्मी धाकधूक तिथेच कमी होते. तरी कुणी आलंच, तर पहिला वॉश वाळेपर्यंत बोलायचं नाही.