डाव्या पॅडलचे काम

ऑटोमॅटिक गाडी हाती आल्यानंतर पहिले आठ-दहा महिने स्टिअरिंगच्या मागे बसवलेल्या दोन पॅडल्सचा मी एकदाही वापर केला नव्हता. डावीकडच्या पॅडलवर वजाचे चिन्ह, उजवीकडच्यावर अधिकचे; डावे ओढले की गिअर खाली येतो, उजवे ओढले की वर जातो. स्टिअरिंग धरले की बोटांची टोके त्यांना आपोआप टेकत; पण गिअर बदलण्याच्या ज्या दगदगीतून सुटावे म्हणून ऑटोमॅटिक घेतली, तीच दगदग पुन्हा कशाला ओढवून घ्यायची, असे मला वाटे. पॅडल शिफ्टर ही वेगाची हौस असणाऱ्यांची सोय आहे आणि शांतपणे गाडी चालवणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही, असे माझे मत होते. ते मत एका घाटात अर्ध्या तासात बदलले.

घाट लांबलचक होता आणि आम्ही तो उतरत होतो. गाडीत चार माणसे आणि मागे भरपूर सामान होते, गिअरचा लिव्हर नेहमीप्रमाणे ‘डी’वर, म्हणजे ‘ड्राइव्ह’वर होता. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही आणि वेग तर वाढतो आहे, असे दिसले की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बहुधा वरचा गिअर टाकून इंजिन शांत करतो. सपाट रस्त्यावर याने इंधन वाचते, उतारावर मात्र गाडी मोकळी सुटते. तिला आवरण्यासाठी माझा पाय सतत ब्रेकवर होता. प्रत्येक वळणाआधी ब्रेक, वळणानंतर गाडी पुन्हा वेग घेते म्हणून पुन्हा ब्रेक. काही वेळाने गाडीत काहीतरी जळल्यासारखा, तापलेल्या रबराला जवळचा असा उग्र वास येऊ लागला, आणि पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तेव्हा तो नेहमीपेक्षा खोल गेला. बाबा शेजारी बसले होते. चाळीस वर्षे हाताने गिअर बदलत गाडी चालवलेला माणूस तो, त्यांनी एवढेच विचारले, “गिअर कुठला आहे?” मी म्हटले, “डी.” ते म्हणाले, “म्हणजे तू उतारावर गाडी सोडून दिली आहेस. जागा बघून बाजूला घे.”

आम्ही थांबलो. पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर तळहात धरला, तरी धग सोसवत नव्हती. मी पाण्याची बाटली काढली, तेव्हा बाबांनी हात धरला. लाल होण्याइतक्या तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडले तर ती वाकडी होऊ शकते किंवा तिला चीरही जाऊ शकते, तिला वाऱ्यावर हळूहळू निवू द्यावे, असे त्यांनी सांगितले. अर्ध्या तासानंतर निघताना त्यांनीच त्या डाव्या पॅडलकडे बोट दाखवले. मी ते एकदा ओढले, मग आणखी एकदा, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आली. इंजिनाचा आवाज चढला, इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या दाखवणारा काटा तीन हजारांच्या पुढे गेला, आणि गाडीला कुणीतरी मागून घट्ट धरून ठेवावे तशी ती पस्तीस-चाळीसच्या वेगावर स्थिर झाली. उरलेल्या घाटात मी वळणाच्या तोंडाशी ब्रेकला फक्त स्पर्श करत उतरले.

उतारावर नेमके काय होते, याचा हिशेब मी नंतर मांडून पाहिला. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन पंधराशे किलो असेल आणि घाट पाचशे मीटर खाली उतरत असेल, तर उंची गमावताना सुमारे ७३ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या ऊर्जेत साधारण २३ लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येते. गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल, तर ही सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. घाटातल्या संथ वेगात हवेचा आणि टायरचा विरोध तिचा काही भागच घेतो, आणि आपण फक्त ब्रेकवर विसंबलो तर उरलेली सगळी चार चाकांजवळच्या मूठभर धातूत जाऊन बसते. पॅड फार तापले की त्यांची पकड घटते. त्याहून धोकादायक गोष्ट ब्रेक ऑइलची आहे. ‘डॉट ४’ प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि ठरावीक प्रमाणात पाणी शोषल्यावर त्याच प्रतीसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी बुडबुडे दाबण्यात खर्ची पडतो. माझा ब्रेक खोल गेला, तो याच वाटेवरचा पहिला इशारा असावा.

खालच्या गिअरमध्ये गाडी उतरते तेव्हा हे काम इंजिन करते. पेट्रोल इंजिनात आपण अ‍ॅक्सिलरेटर सोडला की हवेच्या वाटेवरची थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते. चाके गिअरबॉक्समार्फत इंजिनाला फिरवत असतात आणि पिस्टनना त्या मिटलेल्या झडपेविरुद्ध हवा ओढावी लागते. त्यात इंजिनाच्या आतले घर्षण मिळते. हा सगळा विरोध चाकांपर्यंत पोहोचतो आणि गिअर जितका खालचा, तितका तो अधिक जाणवतो. ही उष्णता सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर पडते, म्हणजे जी यंत्रणा तासन्‌तास उष्णता बाहेर टाकण्यासाठीच बनवली आहे तिच्याकडे ते काम जाते. काटा तीन हजारांवर म्हणजे इंधनाची नासाडी, ही समजूत इथे चुकीची आहे, आणि ती मला पुन:पुन्हा खोडून काढावीशी वाटते. इंधन इंजेक्शन असलेल्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये उतरत असताना इंजेक्टर इंधन सोडणेच थांबवतात. उलट इंधन वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल टाकणाऱ्यांच्या इंजिनाला चालू राहण्यासाठी थोडे का होईना इंधन लागतेच, शिवाय गाडीवरचा ताबा जातो तो वेगळाच.

ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये तो उतरा, हा जुन्या चालकांचा नियम आहे. हाताने गिअर टाकणाऱ्याला तो अंगवळणी पडलेला असतो. ऑटोमॅटिकमध्ये तो नियम खोटा ठरत नाही, फक्त तो पाळण्याचे साधन आपल्या हातून सुटते, आणि पॅडल ते परत देते.

मला पॅडलबद्दल जे म्हणायचे आहे ते हेच. गिअरबॉक्सला पाय किती दाबला आहे ते कळते, चाकांचा आणि इंजिनाचा वेग कळतो, अलीकडच्या गाड्यांत रस्त्याच्या चढ-उताराचाही अंदाज येतो आणि त्याप्रमाणे तो खालचा गिअर धरूनही ठेवतो. परंतु हे सगळे घडून गेल्यावर किंवा घडत असताना कळते. पुढच्या वळणापलीकडे तीव्र उतार आहे, समोरचा ट्रक आता डावीकडे सरकतो आहे, हे मला दिसते. त्याला दिसत नाही. रोल्स-रॉइसने २०१३ मध्ये ‘रेथ’ ही गाडी आणली, तेव्हा उपग्रहावरून मिळणारी रस्त्याची माहिती गिअरबॉक्सला पुरवून पुढच्या वळणासाठी योग्य गिअर आधीच निवडण्याची व्यवस्था तिच्यात केली होती. पुढे काय आहे हे न कळणे ही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची खरी उणीव आहे, हे एवढ्या महागड्या उपायावरूनही दिसते. तोच निरोप बोटाने पोहोचवण्याचे साधन म्हणजे पॅडल.

ओव्हरटेक करताना हा फरक लगेच जाणवतो. दुपदरी रस्त्यावर ट्रकच्या मागे साठच्या वेगाने आपण चाललो आहोत, वरचा गिअर पडलेला आहे. समोरचा रस्ता मोकळा दिसताच आपण अ‍ॅक्सिलरेटर खोल दाबतो. गिअरबॉक्स ते ओळखतो, दोन-तीन गिअर खाली येतो आणि मग गाडी झेप घेते. दाबणे आणि झेप यांच्यामधला तो क्षण विरुद्ध बाजूच्या मार्गिकेत फार मोठा वाटतो. त्याऐवजी ट्रकच्या मागे असतानाच डावे पॅडल दोनदा ओढले, तर गाडी बाहेर काढताना इंजिन आधीच तयार असते. आकड्यांत सांगायचे, तर झेडएफ कंपनीच्या सुपरिचित आठ गिअरच्या गिअरबॉक्सचे उदाहरण घ्यावे. त्याच्या एका प्रकारात सहाव्या गिअरचे गुणोत्तर १ आणि चौथ्याचे १.६६७ आहे. सहाव्यात इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर असेल, तर त्याच वेगाला चौथ्यात ते २५०० फेऱ्यांवर असते, म्हणजे जोर मिळू लागतो अशा पट्ट्यात. आणि संधी हुकली, समोरून गाडी आली, तर काही बिघडत नाही. पाय सोडला की तेच खालचे गिअर गाडीला आवरायला मदत करतात.

चढावर वेगळी अडचण येते. वळणाआधी आपण पाय सैल करतो, गिअरबॉक्सला वाटते की जोराची गरज संपली, तो वरचा गिअर टाकतो. वळण संपताच आपण पाय दाबतो आणि त्याला पुन्हा खाली यावे लागते. प्रत्येक वळणावर ही ओढाताण चालते, मागे बसलेल्यांना मळमळू लागते. तिसरा किंवा दुसरा गिअर पॅडलने धरून ठेवला की गाडी एका सुरात चढते.

उजव्या पॅडलला माझ्या वापरात फारसे काम पडत नाही. वरचे गिअर गिअरबॉक्स स्वतःच उत्तम टाकतो, त्यात आपण लुडबूड करण्याचे कारण नाही. चिखलातून किंवा निसरड्या जागेवरून निघताना, ज्या गाड्या परवानगी देतात त्यांत, उभ्या गाडीतच ते ओढून दुसऱ्या गिअरमध्ये निघता येते, म्हणजे चाके जागच्या जागी फिरण्याची शक्यता कमी होते. गर्दीच्या रस्त्यावर दोन्ही पॅडल्स विसरून जावीत.

पॅडल्सना शर्यतीचा शिक्का बसला, त्याला कारण त्यांचा उगमच तिथला आहे. फेरारीने १९८९ च्या फॉर्म्युला वन हंगामात जॉन बर्नार्ड यांनी आखलेली ‘६४०’ ही गाडी उतरवली. तिचे गिअर स्टिअरिंगमागच्या पॅडल्सनी बदलत. गिअरबॉक्स भरवशाचा नव्हता, तरी पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, नायजेल मॅन्सेल यांनी ती पहिली आणली. रस्त्यावरच्या फेरारीत ही सोय १९९७ मध्ये ‘एफ ३५५’ मधून आली. वळणात दोन्ही हात स्टिअरिंगवर राहावेत, हा त्यामागचा मोठा फायदा होता, आणि तो शर्यतीपुरता मर्यादित नाही. घाटात नागमोडी वळणांवर लिव्हरकडे हात न नेता गिअर खाली घेता येणे ही मला पॅडलची सर्वांत मोठी सोय वाटते. एरवी ज्या गाडीत लिव्हरला अधिक-वजाची वेगळी खाच आहे, किंवा ‘२’ आणि ‘एल’ अशा जागा आहेत, तिथेही इंजिनाचा ब्रेक तसाच मिळतो. केवळ पॅडल्ससाठी अधिक पैसे मोजून वरचे मॉडेल घ्यावे, असे मी कुणाला सांगणार नाही.

वापरताना काही बारकावे लक्षात ठेवावे लागतात. ‘डी’मध्ये असताना पॅडल ओढले, तर बऱ्याच गाड्यांत ती सूचना तात्पुरती मानली जाते आणि थोड्या वेळाने गिअरबॉक्स आपल्या मनाप्रमाणे वागू लागतो. ओव्हरटेकसाठी हे सोयीचे आहे, उताराच्या मध्यावर मात्र अचानक वरचा गिअर पडून गाडी सुटल्यासारखी वाटते. म्हणून घाट सुरू होण्याआधीच लिव्हर ‘एम’वर, म्हणजे ‘मॅन्युअल’वर घ्यावा. इंजिनाची भीती बाळगू नये. त्या वेगाला न झेपणारा गिअर मागितला, तर गिअरबॉक्स तो नाकारतो. सीव्हीटी म्हणजे गुणोत्तर सलग बदलत राहणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स; त्यात खरे गिअर नसतात, पॅडल कृत्रिम पायऱ्या देते. तरी गुणोत्तर बदलते ते खरेच, त्यामुळे उतारावर तिथेही पॅडलचा उपयोग होतो. इंजिनाने गाडी हळू झाली की मागचे लाल दिवे लागत नाहीत, हे मात्र कधीही विसरू नये. मागे गाडी जवळ असेल, तर ब्रेकला हलका स्पर्श करून तिला कळवावे. आणि ओल्या, निसरड्या रस्त्यावर एकदम दोन गिअर खाली येऊ नये. इंजिनाचा विरोध फक्त इंजिनाशी जोडलेल्या चाकांवर पडतो आणि ती चाके पकड सोडू शकतात.

आता विजेच्या गाड्यांत गिअरच उरलेले नसताना पॅडल्स टिकून आहेत. ह्युंदाईच्या ‘आयोनिक ५’मध्ये डावे पॅडल ओढले की मोटारचा रोध वाढतो आणि उजवे ओढले की कमी होतो. उतारावरची ऊर्जा तिथे सायलेन्सरमधून बाहेर जात नाही, मोटार जनित्र बनते आणि ती बॅटरीत परत भरते. मी मांडलेले ते ७३ लाख ज्यूल म्हणजे जवळपास दोन युनिट वीज. त्यातली सगळी परत मिळत नाही, पण बराचसा भाग मिळतो. एकच काळजी घ्यावी लागते: घाटमाथ्यावरूनच प्रवास सुरू करायचा असेल, तर बॅटरी काठोकाठ भरून निघू नये. तिच्यात जागाच नसेल, तर ती वीज घेऊ शकत नाही, मोटारचा रोध कमी पडतो आणि सगळे ओझे पुन्हा त्याच चार ब्रेकांवर येते.