पोहून बाहेर आल्यावरची दहा मिनिटं

माझ्या आठ वर्षांच्या लेकीची त्वचा मुळातच कोरडी. थंडीत कोपराच्या खोबणीत आणि गुडघ्यांच्या मागे तिला चट्टे उठतात. पण यंदा एप्रिलमध्ये पोहण्याची बॅच सुरू झाली आणि ऐन घामाच्या दिवसांत तिचं अंग डिसेंबरसारखं झालं. नडगीवर नख ओढलं की पांढरी रेघ उमटायची. रात्री झोपेत ती कराकरा खाजवायची, सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके.

सल्ल्यांना तोटा नव्हता. सासूबाई म्हणाल्या, डाळीचं पीठ चोळून अंघोळ घाल. शेजारणीने जंतुनाशक साबण सुचवला. मेडिकलवाल्याने न विचारताच एक ट्यूब पुढे केली. ती मी घेतली नाही आणि इतरांनीही घेऊ नये असं मनापासून वाटतं. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. डॉक्टरांनी बघितल्याशिवाय ते मुलांच्या त्वचेला लावायचं नसतं.

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मला एकच भीती होती, पोहणं बंद करायला सांगतील. त्यांनी उलट चालू ठेवायला सांगितलं. क्लोरीन तर हवंच, नाहीतर इतक्या मुलांच्या पाण्यात जंतू माजतील. पण त्याने त्वचेवरचा तेलकट थरही निघून जातो आणि मुलं तशीच घरी गेली, की ते पाणी अंगावरच सुकतं. मग त्यांनी विचारलं, "पोहून झाल्यावर अंघोळ कुठे करते?" आमच्या तलावावर शॉवर मोजके आणि मुलं ढीगभर. त्यामुळे सगळ्यांसारखीच आमचीही पद्धत होती : ओल्या कॉस्च्यूमवर टॉवेल गुंडाळायचा, स्कूटरवर बसवायचं, घरी आल्यावर आधी खाणं आणि मग अंघोळ. यात तास सहज जायचा.

तेव्हापासून अंघोळ तिथेच. रांग असली तरी थांबतो. कॉस्च्यूम पूर्ण काढून साध्या पाण्याखाली दोन-तीन मिनिटं उभं राहायचं. गरम पाणी नको, त्याने खाज वाढते. काखा, मान, कानांमागे, बोटांच्या बेचक्या नीट धुवायच्या. नेहमीचा साबण बंद केला. तो अल्कधर्मी असतो आणि त्वचा किंचित आम्लधर्मी, साधारण 5.5 पीएचची. त्याऐवजी डॉक्टरांनी सिंडेट बार दिला, म्हणजे साबणासारखीच दिसणारी पण साबण नसलेली सौम्य वडी. त्याला फार फेस येत नाही, पण अंग ओढल्यासारखंही होत नाही. डाळीचं पीठ मात्र बंद, कारण आधीच सोललेल्या त्वचेला घासणं सोसत नाही. सासूबाईंना हे डॉक्टरांनीच सांगितलं ते बरं झालं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो त्याच्या पुढच्या गोष्टीने. टॉवेलने अंग खसाखसा पुसायचं नाही, नुसतं टिपायचं आणि त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, घट्ट क्रीम लावायचं. पातळ लोशन नको. कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर तिला बसवून मी तळहातभर क्रीम घेते, गुडघ्यामागे आणि कोपरात थोडं जास्त थापते. ती "आई, पुरे!" म्हणते, तरी पायांचे घोटे झाल्याशिवाय सोडत नाही. वरून सैल सुती फ्रॉक.

पाण्यात उतरण्याआधीही शॉवर घ्यायला लावते. तलावावरचा तो डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे पाणी स्वच्छ, असं बरेच पालक समजतात. खरं तर क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग होऊन जे क्लोरामाइन तयार होतं, त्याचा तो वास. प्रत्येक मूल आधी अंग धुऊन उतरलं तर सगळ्यांनाच त्रास कमी होईल. हे मी कोचना सांगितलं, आणि त्यांनी पूर्ण बॅचला लावून धरलं, याचं मला फार समाधान आहे. केस आधीच साध्या पाण्याने भिजले असले की तलावाचं पाणी कमी शोषतात. वरून टोपी. चट्ट्यांवर आधी व्हॅसलीनचा अगदी पातळ हात.

कानात तेल घालायचं नाही, काडी तर नाहीच. डोकं एका बाजूला कलवून पाणी निघू द्यायचं, बाहेरून टिपायचं. टॉवेल ज्याचा त्याचा, कारण मोलस्कम नावाचे छोटे मोत्यासारखे फोड टॉवेलमधूनही पसरतात.

कोपराच्या चट्ट्यांना डॉक्टरांनी दिलेलं मलम काही दिवस लावावं लागलं, बाकी अंग क्रीमनेच सुधारलं. मे महिन्यात सोसायटीत टँकरचं जड पाणी यायला लागलं तेव्हा पुन्हा थोडं कोरडं पडलं, म्हणून क्रीम झोपतानाही सुरू केलं. आता ती रात्रभर शांत झोपते. चट्ट्यांतून पाणी यायला लागलं, पिवळी खपली धरली किंवा ताप आला, तर मात्र तलाव बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर, हे त्यांनी आम्हाला बजावून ठेवलंय.